डबीच्या मागे काय लिहिलंय?

मंडळी, आमची आई मंडईत भाजी विकते. पोट साफ होत नाही म्हणून मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून दोन महिने प्रोबायोटिकच्या कॅप्सूल घेत होती. फरक शून्य. परवा डबी उलटून बघितली, तर मागे बारीक अक्षरात: औषधी वापरासाठी नाही. एफएसएसएआयच्या नियमाने ते छापावंच लागतं, कारण असा माल अन्न-पूरक म्हणून विकला जातो. मग काउंटरवर औषध म्हणून गळ्यात का मारता?

प्रोबायोटिक थोतांड आहे असं मी म्हणत नाही. ठरावीक जिवाणूंनी काहींना थोडा फरक पडतो. पण कोणता जिवाणू, किती दिवस, हे विचारलं की दुकानदार म्हणतो, "सगळे हेच नेतात!" आपलं साधं इसबगोल मात्र अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. फक्त भरपूर पाण्यासोबत घ्यायचं.

आणि इथेच घोडं अडलं. आई दिवसभर पाणीच पीत नाही. मंडईत बायकांसाठी संडास नाही, म्हणून सकाळपासून दाबून धरते. सांगायलाही लाजत होती. वर लोहाची गोळी चालू, तिनेही पोट धरतं. ती डॉक्टरांनी बदलून दिली.

संडाससाठी अर्ज तयार आहे. सोमवारी सकाळी मंडईच्या गेटवर सहीला या.