सिंधुदुर्गाचा नववा तालुका



आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात तालुके किती? चौथीतला मुलगासुद्धा बोटांवर मोजून सांगेल: देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि दोडामार्ग. झाले आठ. पण मी म्हणते, नऊ आहेत! नववा कुठला ते कळण्यासाठी आज आपण तीन गोष्टी बघू: माणसं, पैसा आणि वर्तमानपत्र.

माणसं किती?

२००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसं होती. २०११ मध्ये किती झाली असतील? वाढली असतील असं वाटतं ना? ती झाली ८,४९,६५१. वजाबाकी करून बघा. दहा वर्षांत एकोणीस हजारांवर माणसं कमी! त्या दहा वर्षांत महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच होते. आपला, शेजारचा रत्नागिरी आणि मुंबई शहर.

आता आणखी एक आकडा बघा. २०११ मध्ये जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. सगळ्या महाराष्ट्राचा विचार केला तर हजारामागे ९२९ च. मग आपल्याकडे मुली जास्त जन्मतात की काय? छे! सहा वर्षांखालच्या मुलांत आपल्याकडेही मुलगेच जास्त होते. मग मोठेपणी पुरुष कमी कसे? गेले कुठे? उत्तर तुमच्या घरातच आहे. काका कुठे असतात? मामा कुठे असतो? आजीला विचारलंत तर ती चटकन सांगेल, "मुंबैक!"

पैसा कुठून येतो?

आपल्याकडे हापूस आहे, काजू आहे, मासळी आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जाती दूरदूर लावल्या जातात. १९९७ साली आपला जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. हे सगळं खरं. पण कातळाची जमीन, भावाभावांत वाटून उरलेले तुकडे आणि बऱ्याच ठिकाणी पावसाच्या पाण्यावरचं एकच भाताचं पीक. त्यावर वर्षभराचं घर चालत नसे. म्हणून माणसं मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत गेली. लालबाग, परळ, गिरगावात गावच्या मंडळाच्या खोलीत दाटीवाटीने राहिली आणि गावाला पैसे पाठवू लागली. हेच आपले चाकरमानी. कोकणच्या या व्यवहाराला लोक 'मनिऑर्डरची अर्थव्यवस्था' म्हणू लागले.

मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटं कुपन असे. त्यावर दोन ओळी लिहायची सोय होती. 'भात लावून झाला का? गणपतीला येतो.' पोस्टमन पैसे मोजून देई आणि घरात वाचता येणारं कुणी नसेल तर त्या ओळीही वाचून दाखवी. म्हणजे बघा, पैशाबरोबर बातमीही यायची!

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. चाकरमानी डोंबिवली, विरारकडे सरकले. आता पैसे मोबाईलवरून एका क्षणात येतात. बातमीची ती दोन ओळींची जागा मात्र गेली.

लांबचा एक देश

आता जगाचा नकाशा उघडा. उत्तर आणि दक्षिण अमेरिका जिथे अरुंद पट्टीने जोडल्या आहेत तिथे एल साल्वादोर नावाचा चिमुकला देश सापडतो का बघा. आपल्यासारखे चार जिल्हे एकत्र केले की झाला तेवढा देश! लोकसंख्या साधारण साठ लाख. तिथे १९८० ते १९९२ अशी बारा वर्षं यादवी युद्ध झालं. लाखो माणसं घरदार सोडून अमेरिकेत गेली. कुणी हॉटेलात भांडी घासली, कुणी इमारती बांधल्या आणि सगळ्यांनी घरी पैसे पाठवले. २०२३ साली असे आलेले पैसे त्या देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळजवळ एक चतुर्थांश होते! आहे की नाही आपल्या चाकरमान्यांची गोष्ट?

त्या देशात १४ विभाग आहेत. पण 'ला प्रेन्सा ग्राफिका' या तिथल्या जुन्या वर्तमानपत्राने परदेशी गेलेल्या आपल्या माणसांसाठी एक सदर सुरू केलं आणि त्याला नाव दिलं 'विभाग १५'. नकाशात नसलेला, पण माणसांनी भरलेला विभाग!

याच देशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. 'एल फारो' हे तिथलं वर्तमानपत्र सरकारच्या चुका निर्भीडपणे छापत आलं. सरकारचा जाच वाढल्यावर २०२३ साली त्याने आपलं कार्यालय कोस्टा रिका या जवळच्या देशात हलवलं. माणसांसारखं वर्तमानपत्रालाही घर सोडावं लागलं.

पोंभुर्ल्याचा मुलगा

मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघालं. काढणारे बाळशास्त्री जांभेकर कुठले? आपल्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे! म्हणजे तेही मुंबईला गेलेलेच. 'दर्पण'च्या पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी असे. लोकांना शिकता यावं आणि लोकांचं म्हणणं राज्यकर्त्यांनाही कळावं, अशी दुहेरी सोय. म्हणून ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन पाळतो. पुढे जिल्ह्यातही साप्ताहिकं निघाली. शिरोड्याच्या शाळेत शिकवणारे वि. स. खांडेकर सावंतवाडीच्या 'वैनतेय'मध्ये लिहीत असत.

हे वर्गात सांगत असताना एका मुलीने विचारलं, "बाई, सगळीच गेली तर पेपरात आमच्या गावाचा काय येतला?"

प्रश्न साधा नाही. आमच्या पंचक्रोशीत अशा शाळा आहेत, जिथे पहिली ते चौथी मिळून मुलं दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतात. पैसे येतात, चिऱ्यांची सुंदर घरं उभी राहतात, पण अकरा महिने त्यांना कुलूप. गावात पोरं नसतील तर शाळा बंद पडते, आणि शाळा बंद पडली की राहिलेली घरंही उठतात. पालकहो, मुलांनी शिकून बाहेर जाऊ नये असं मी म्हणणार नाही. पण इथे राहून काय काय करता येईल, हेही घरात त्यांच्याशी बोला.

आता ओळखलात ना नववा तालुका? मुंबईपासून डोंबिवली, विरारपर्यंत पसरलेला आपल्या चाकरमान्यांचा!

या आठवड्याचा उद्योग

नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा दिवस ठरला आहे. त्याआधी तुम्ही आपल्या वाडीची गणती करा. वहीत चार रकाने आखा: घर, इथे राहणारी माणसं, बाहेर गेलेली माणसं, घरात येणारं वर्तमानपत्र. शेजारच्या आजी-आजोबांना मनिऑर्डरच्या कुपनावर काय लिहून यायचं ते विचारा आणि त्यांनी सांगितलेल्या ओळी उतरवून घ्या. वाडीतली एक ताजी बातमी दहा ओळींत लिहा आणि तुमच्या बाहेरगावच्या काकांना पाठवा.

आणि हो, कुलूप लावलेल्या घरापुढे नुसतं शून्य लिहून पुढे जाऊ नका. त्या घरातलं कोण, कधी आणि कुठे गेलं ते विचारून लिहा.

तुमच्या,
बाई