छपरावरचा कर्णा की वर्गातली पेटी?

शाळेला ध्वनिक्षेपक हवा असा ठराव झाला की आपल्याकडे पुढचे पाऊल ठरलेले असते. तालुक्याच्या बाजारातून एक ध्वनिवर्धक आणि एक मोठा कर्णा आणायचा. लोक त्याला भोंगा म्हणतात. शिपाई तो छपरावर चढवून लोखंडी नळाला बांधतो आणि दुसऱ्या दिवसापासून मुख्याध्यापकांची सूचना सहावीच्या वर्गाबरोबरच शेजारच्या वस्तीलाही ऐकू येऊ लागते. या पद्धतीला माझा विरोध आहे. आवाज मोठा होतो एवढ्यासाठीच नव्हे, तर तो जिथे हवा तिथे धड पोचत नाही आणि नको तिथे हमखास पोचतो म्हणून.

मोठ्या शहरांतील नव्या घरांत सध्या एक हौस दिसते. प्रत्येक खोलीत लहानसा ध्वनिक्षेपक बसवतात. मग एकच गाणे घरभर ऐकावे, किंवा बैठकीत बातम्या लावाव्यात आणि स्वयंपाकघरात भजन. ही श्रीमंतांची चैन म्हणून आपण सोडून देतो. पण त्यामागचा आराखडा पाहा: खोल्या किती, कोणत्या खोलीला किती आवाज लागेल, तारा कुठून न्यायच्या, आणि आवाज कमीजास्त करण्याची खुंटी कोणाच्या हाती द्यायची. आपल्या बीड जिल्ह्यातील दहा खोल्यांच्या शाळेपुढे नेमके हेच प्रश्न असतात. फरक एवढाच, की तिथे ते कोणी विचारत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपण आकडेमोडच करू या. केज किंवा धारूर तालुक्यातली एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा. काटकोनात बांधलेल्या दहा खोल्या, पुढे ओसरी, मध्ये मैदान. कर्ण्यापासून एक मीटरवर आवाज ११० डेसिबल धरू. चांगल्या कर्ण्याला हे मुळीच अवघड नाही. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. १ मीटरपासून २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ मीटर अशी सात वेळा दुप्पट केली तर ४२ डेसिबल वजा होतात आणि उरतात ६८. म्हणजे सव्वाशे मीटरांवरच्या घराच्या अंगणातही ६८ डेसिबल! निवासी भागासाठी आपल्या देशात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, रात्रीची ४५. त्याच २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळेच्या सभोवारचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र मानले आहे आणि तिथली दिवसाची मर्यादा तर ५० डेसिबलच. मुलांचा अभ्यास बिघडू नये म्हणून कायद्याने शाळेभोवती जे कुंपण घातले, ते आपणच आपल्या छपरावरून ओलांडायचे, याला काय म्हणावे?

बरे, एवढे करून वर्गातल्या मुलाला शब्द तरी कळतात का? मैदानापलीकडची भिंत कर्ण्यापासून २० मीटरांवर असेल, तर आवाज तिच्यावर आपटून परत यायला ४० मीटर जास्त चालतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर (आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पारा ४० अंशांवर गेला की, ३५५ च्या आसपास). म्हणजे परतलेला आवाज सेकंदाच्या आठव्या-नवव्या भागाने उशिरा येतो. प्रतिध्वनी वेगळा ऐकू येण्यास एक-दशांश सेकंद लागतो असे तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेच. बोलण्याच्या बाबतीत मात्र त्याच्या निम्म्या विलंबानेही शब्दांच्या कडा बोथट होऊ लागतात. मग ‘उद्या’ ऐकू येते आणि ‘सुट्टी नाही’ यातले ‘नाही’ हरवते. मुलांच्या दृष्टीने हा दोष आहे की गुण, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो.

याउलट वर्गात, फळ्याच्या वर, एक साधी लाकडी पेटी लावा. अशा पेटीला एक वॅट शक्ती दिली तर एक मीटरवर ८८ डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो, चार मीटरवर ७६. वर्गाला ते पुरून उरते. कर्णा गावाला ओरडून सांगतो, पेटी वर्गाशी बोलते. शिवाय वीज तारेतून सर्व खोल्यांत जवळजवळ एकाच क्षणी पोचते. आपली पेटी आपल्यापासून चार मीटरवर आणि शेजारच्या वर्गाची बारा मीटरवर असेल, तर दारातून येणारा तिचा आवाज सेकंदाच्या सुमारे त्रेचाळिसाव्या भागाने मागे राहतो, आणि तोही क्षीण. एवढा फरक आपला कान वेगळा मानतच नाही; दोन्ही आवाज तो एकच समजतो.

पण आता खरी मेख आहे. प्रत्येक पेटीचा संरोध ८ ओहम असतो. दहा पेट्या समांतर जोडल्या तर एकूण संरोध ०.८ ओहम होतो. चार ओहमांसाठी बनवलेल्या वर्धकाला हे जोडणे म्हणजे बैलाला ट्रकच्या जागी जुंपणे. तो तापतो, जळतो. एकसर जोडल्या तर एक पेटी बिघडली की दहाही मुक्या. यावर जगभर वापरला जाणारा उपाय आपल्या जिल्ह्याच्या चांगल्या परिचयाचा आहे. परळीच्या औष्णिक केंद्रात तयार झालेली वीज रोहित्रांनी दाब वाढवूनच दूर पाठवतात, कारण तीच शक्ती जास्त दाबाने नेली की प्रवाह कमी लागतो आणि तारेतला नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ध्वनीच्या विजेलाही हाच न्याय. १०० वॅट शक्ती ४ ओहमांत द्यायची तर २० व्होल्ट आणि ५ अँपिअर लागतात. १०० व्होल्टच्या वाहिनीवर फक्त १ अँपिअर. ५० मीटरांवरची खोली धरा. जाऊन-येऊन १०० मीटर तार झाली. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे १.७ ओहम भरेल. ५ अँपिअरला तारेतच ४२ वॅटच्या वर शक्ती जाईल, १ अँपिअरला पावणेदोन वॅटही नाही. प्रत्येक पेटीत एक छोटे रोहित्र दाब पुन्हा उतरवते. ५ वॅटची पेटी १०० व्होल्टच्या वाहिनीला २००० ओहमांची दिसते. दहा पेट्या मिळून २०० ओहम. मग हिशेब किती सोपा! पेट्यांच्या वॅटची बेरीज करा: ५०. त्याहून थोडा मोठा, ६० वॅटचा वर्धक घ्या. अकरावी खोली बांधली तरी ५५ च होतात. मात्र १०० व्होल्टचा झटका थट्टेवारी नेण्याजोगा नाही. ही जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी.

बिनतारी पेट्या का नकोत, असे नव्या पिढीचे शिक्षक विचारतील. त्या वाईट नाहीत. ध्वनीचे अंकांत रूपांतर करून तो तुकड्यातुकड्यांनी प्रत्येक पेटीकडे जातो, आणि पेट्यांतील घड्याळे एकमेकांशी जुळलेली राहिली तर सर्वत्र एकच सूर लागतो. जुळणी एक-दशांश सेकंदाने जरी चुकली, तरी ओसरीवर उभ्या असलेल्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. शिवाय दहा पेट्यांना दहा ठिकाणी वीज हवी. तारेच्या व्यवस्थेत वीज एकाच जागी लागते, तेव्हा एक बॅटरी ठेवली की भारनियमनातही काम चालते. घरात हौस करावी. शाळेत तार ओढावी, असे माझे मत.

वर्गाचेही स्वतःचे असे एक वागणे असते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृहात बोललेले काही कळेना, म्हणून १८९५ मध्ये वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून मांडायच्या, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे आणि सकाळपूर्वी गाद्या परत करायच्या, असा त्याचा उद्योग होता. त्यातून नियम निघाला: खोलीचे घनफळ ०.१६१ ने गुणून शोषणाने भागले की आवाज विरण्याचा काळ सेकंदांत मिळतो. शोषणाचे माप म्हणून त्याने काय वापरले, माहीत आहे? उघडी खिडकी! तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. आपला ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच, फरशी आणि गिलाव्याचा रिकामा वर्ग घ्या. घनफळ १४४ घनमीटर, पृष्ठभाग १८० चौरस मीटर. अशा कडक भिंती आवाजाचा शेकडा तीन इतकाच भाग गिळतात असे धरले तर शोषण ५.४. आवाज विरायला चार सेकंदांहून अधिक! आता ४ चौरस मीटरच्या खिडक्या उघडा, ४० मुले बसवा (एक मूल सुमारे ०.३ चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज गिळते असे समजू). हा काळ १.१ सेकंदावर येतो.

दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडणीला कुटुंबेच्या कुटुंबे जातात आणि कित्येक वर्ग अर्धे होतात. ४० च्या जागी २० मुले उरली की हाच काळ दीड सेकंद होतो. मागे राहिलेल्या मुलांना गुरुजींचे बोलणे अधिक घुमलेले ऐकू येते. भिंतीवर जुनी सतरंजी टांगली तरी फरक पडतो. पेटी मुलांच्या जवळ असण्याचे महत्त्व अशा वर्गात अधिकच.

आता खुंटीकडे वळतो, कारण माझा सर्वांत मोठा आग्रह तिच्यासाठी आहे. प्रत्येक पेटीखाली आवाज कमी करण्याची, आणि आगीसारख्या संकटाची सूचना वगळता पूर्ण बंद करण्याची खुंटी असलीच पाहिजे, आणि ती वर्गशिक्षकाच्या हाती हवी. ‘मग आमच्या सूचनांना किंमत काय राहिली?’ असे मुख्याध्यापक म्हणतील. वर्गात गणित ऐन रंगात असताना शुल्काच्या सूचनेने ते मोडावे, ही किंमत कोण देतो तेही पाहावे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांत, सुमारे दीडशे खेड्यांमध्ये, शेतकऱ्यांसाठी रेडिओ श्रवणमंडळे चालवली. शेजारचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, त्यांत होता; बीड तेव्हा हैदराबाद राज्यात असल्याने नव्हता. कार्यक्रम संपला की मंडळी त्यावर आपसांत चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे परत जात. नुसते ऐकवण्यापेक्षा हे कितीतरी पुढचे होते. आणि सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव पाहा: २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, तो घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाइल दीड तास बंद ठेवण्यासाठी. रोज थोडाच वेळ वाजणाऱ्या अशा भोंग्याला माझी हरकत नाही. झेंडावंदनाला आणि क्रीडास्पर्धांना मैदानावर कर्णा लागतो, तोही जरूर आणावा. काम झाले की खोक्यात ठेवावा.

शेवटी आराखडा काढणाऱ्यांना एक सूचना. भिंतीतली नळी बसवताना प्रत्येक वर्गापासून कार्यालयापर्यंत दोन तारांची आणखी एक, पडदा असलेली जोडी ओढून ठेवा. १०० व्होल्टच्या तारेपासून दूर, वेगळ्या नळीतून. ती ध्वनिग्राहकासाठी. म्हणजे सोमवारी पाचवीतून बातम्या वाचता येतील, मंगळवारी आठवीतून. आज ध्वनिग्राहकाला पैसे नसले तरी चालेल, पण तार गिलाव्याआधीच टाकून घ्या.