१४ हजारांची खोली आणि तीन तासांची झोप

आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मुलांनी महाबळेश्वरच्या एका महागड्या हॉटेलात आम्हा दोघांसाठी एका रात्रीची खोली बुक केली. भाडे १४ हजार रुपये. स्वागताला थंडगार सरबत, पलंगावर टॉवेलचे दोन हंस, सहा उशा, खिडकीतून दिसणारी दरी. आम्ही फोटो काढून मुलांना पाठवले, "मस्त आहे" असे कळवले, आणि त्या रात्री मी जेमतेम तीन तास झोपलो.

खोलीच्या बरोबर खाली लॉन होते आणि लॉनवर कुणाच्या तरी लग्नाचे संगीत. साडेअकरापर्यंत डीजे, त्यानंतर तासभर खुर्च्या ओढल्याचे आवाज. रिसेप्शनला फोन केला, तर "सर, फंक्शन आहे, थोडं अ‍ॅडजस्ट करा." एसी लावला की वारा थेट तोंडावर, बंद केला की कोंडायचे. खिडकी उघडतच नव्हती. सहापैकी प्रत्येक उशी इतकी मऊ, की मान आत बुडायची. शिवाय टीव्ही, फ्रिज आणि छतावरचा स्मोक डिटेक्टर, प्रत्येकाचा एकेक लुकलुकणारा दिवा.

इथवर ही नुसती तक्रार झाली. खरी गोष्ट दुसऱ्या दिवशीची आहे. नाश्ता करून आम्ही पुण्याला निघालो. पसरणीचा घाट नीट उतरलो, वाई मागे पडली, महामार्ग लागला. रस्ता सरळ, ऊन कोवळे. आणि अचानक बायको ओरडली, "अहो! गाडी कुठे नेताय?" गाडी डावीकडे उभ्या असलेल्या ट्रककडे सरकत होती. माझे डोळे उघडे होते की मिटलेले, मला आजही सांगता येत नाही.

यालाच मायक्रोस्लीप म्हणतात. झोप अपुरी असली की मेंदू काही सेकंदांपुरता परस्पर झोपी जातो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. तीन सेकंदांत ६६ मीटर, आणि तेवढा वेळ गाडीला चालकच नसतो.

नव्या जागी झोप का लागत नाही?

"जागा बदलली की मला झोप येत नाही" असे तुमच्यापैकी अनेकजण सांगतात. तो मनाचा खेळ नाही. झोपेच्या प्रयोगशाळांत हे अनेक दशकांपासून माहीत आहे. म्हणूनच अभ्यासात पहिल्या रात्रीची नोंद अनेकदा वगळतात. २०१६ साली अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यामागचे एक कारण दाखवले. अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा अधिक सावध राहतो आणि अनोळखी आवाजाला पटकन प्रतिसाद देतो. घराबाहेर झोपताना एकाने पहारा द्यावा, तसेच हे.

म्हणजे हॉटेलातला पाहुणा मुळातच निम्मा जागा असतो. त्याला घरापेक्षाही जास्त शांतता आणि अंधार हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार झोपण्याच्या खोलीत रात्रीचा सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा. हा आवाज साधारण कुजबुजीएवढा. खाली डीजे वाजत असताना हे कसे जमणार? आपल्या कायद्यातही रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायला मनाई आहे. ठरावीक दिवशी सरकार सवलत देते तेवढाच अपवाद. १४ हजार भाडे घेणाऱ्याला हा नियम माहीत नसेल, असे मला वाटत नाही.

माझे स्पष्ट मत

हॉटेलला तारे मिळतात ते प्रामुख्याने सोयी आणि सेवा पाहून. आपणही जलतरण तलाव, बुफेतले पदार्थ आणि खिडकीतला देखावा पाहूनच खोली निवडतो. "रात्री झोप लागेल का?" हा प्रश्न ना हॉटेल स्वतःला विचारते, ना आपण हॉटेलला. खोली ही मुळात झोपण्यासाठी असते, हेच आपण विसरलो आहोत.

काहीजण म्हणतील, "डॉक्टर, तिथे झोपायला का जातात?" एका जागरणाने निरोगी माणसाचे फार बिघडत नाही, हे मान्य. पण एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेनंतरही इन्सुलिनला शरीराची दाद कमी मिळते, म्हणून मधुमेहींची साखर चढू शकते. अर्धशिशी असणाऱ्यांचे डोके उठते. आणि गाडी चालवणाऱ्याचे काय होऊ शकते, ते वर सांगितलेच. १९९७ साली 'नेचर' नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सलग १७ तास जागे राहिलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरलेली आढळली. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला आपण नावे ठेवतो, आणि झोपेत चालवणारा मात्र "जरा डुलकी लागली" म्हणून सुटतो.

दोष सगळा हॉटेलचा नव्हता, हेही सांगतो. रात्री दहाला बुफेवर मी दोन गुलाबजाम जास्त घेतले आणि वर कॉफी. कॉफीतले निम्मे कॅफीन शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात. रुग्णांना रोज सांगतो, ते स्वतः विसरलो.

तुम्ही काय करावे?

- बुकिंग करताना फोनवरच विचारा: त्या रात्री लग्न किंवा समारंभ आहे का? लॉन, लिफ्ट आणि रस्ता यांपासून दूरची खोली मागा. खिडकी उघडते का, हेही विचारा.
- घरची उशी सोबत न्या. हसतील तर हसू द्या. घोरण्यासाठी सीपॅप यंत्र वापरत असाल, तर तेही न्या. "एका रात्रीने काय होतंय" असे म्हणू नका.
- लुकलुकणाऱ्या दिव्यांवर रुमाल टाका, पण स्मोक डिटेक्टर कधीही झाकू नका. डोळ्यांवरची पट्टी आणि कानातले बोळे स्वस्त आहेत आणि कामाचे आहेत.
- जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. झोपेसाठी दारू घेऊ नका. तिने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते.
- कुणाची झोपेची गोळी उसनी घेऊ नका. वयस्कर माणूस अनोळखी खोलीत, गोळीच्या अमलात, रात्री बाथरूमला उठला की पडतो आणि खुबा मोडून घेतो.
- रात्र वाया गेलीच, तर सकाळी निघायची घाई करू नका. दुसरा कोणी चालवू शकत असेल, तर त्याला द्या. वाटेत जांभया वाढल्या किंवा गेले दोन किलोमीटर आठवेनासे झाले, की गाडी सुरक्षित जागी थांबवा. काच खाली करून आणि गाणी लावून झोप जात नाही. वीस मिनिटांची डुलकी घ्या.

आम्हीही तेच केले. पुढच्या धाब्यावर झाडाखाली गाडी लावली, आसन मागे केले आणि पंचवीस मिनिटे झोपलो. आदल्या रात्री १४ हजारांत जी मिळाली नाही, ती झोप तिथे दोन कटिंग चहांच्या पैशांत मिळाली. उरलेला रस्ता बायकोने गाडी चालवली.

मुलांना आम्ही अजून खरे सांगितलेले नाही. पण हॉटेलला अभिप्राय लिहिला, त्यात देखाव्याबद्दल एक ओळ आणि झोपेबद्दल दहा. तुम्हीही लिहा. पाहुणे झोपेबद्दल विचारू लागले, तरच हॉटेले तिची काळजी घेऊ लागतील.