इल्म आणि पेटंट

'इल्म विकायचा नसतो ना, मग शास्त्रज्ञ पेटंट का घेतात?' नववीतल्या एका मुलीने विचारलं. मला जगदीशचंद्र बोस आठवले.

१८९५ साली कोलकात्यात त्यांनी तारेविना लहरी पाठवून भिंतीपलीकडची घंटा वाजवली. पेटंटला मात्र त्यांचा ठाम नकार. १९०१ मध्ये लंडनला एका धनाढ्य तार कंपनीच्या मालकाने गळ घातली, तरी ते बधले नाहीत. शेवटी सारा बुल या अमेरिकन स्नेही बाईंनी हट्टच धरला. १९०४ साली अमेरिकेचं ७,५५,८४० क्रमांकाचं पेटंट मिळालं. त्यात गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकाने लहरी टिपल्या होत्या. पुढे घराघरांतले बिनबॅटरीचे रेडिओ याच खनिजावर बोलू लागले.

बोसांचा नकार मला पटतो, पण अर्धाच. पेटंट घ्यायचं तर सगळी कृती उघड लिहून द्यावी लागते आणि मुदत (तिथे तेव्हा सतरा वर्षं) संपली की ती सर्वांची होते. इल्म लपवतो तो नुस्खा कबरीत घेऊन जाणारा हकीम!

बोसांचं पेटंट आकृत्यांसह छापून मी वर्गात नेलं. तीच मुलगी म्हणाली, 'मॅडम, गॅलिना कुठे मिळेल?'