घरातील यंत्रे : अबोल कळफलक

मुलाच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची अखेरची घटका आणि नेमका बिनतारी कळफलक अबोल होतो! अशा वेळी नव्याचा खर्च करण्यापूर्वी थोडे थांबावे. प्रथम सेल बदलून पाहावा. नंतर संगणकात खोचलेल्या चिमुकल्या रिसीव्हरकडे वळावे. या दोघांचे संभाषण बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर चालते आणि शेजारच्या यूएसबी ३.० जोडणीतून त्याच पट्ट्यात गोंगाट उठतो, हे इंटेलने २०१२ साली दाखवून दिले. म्हणून रिसीव्हर दूरच्या खाचेत बसवावा किंवा जोडतारेने कळफलकाजवळ आणावा. रिसीव्हर हरवू मात्र नये. पुष्कळ जोड्या कारखान्यातच जुळविलेल्या असतात, परक्या रिसीव्हरला तो कळफलक ओळख देत नाही.