सशास लंघन नको

आजारी माणसास आधी लंघन घालावे, ही आपल्या घरांतील जुनी रीत. ताप आला की आजीबाई पेजेवर ठेवतात, आणि बहुधा त्यात शहाणपणच असते. परंतु मुलांच्या हट्टाखातर पाळलेला ससा निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया होऊन घरी आला म्हणजे हीच रीत त्याच्या जिवावर बेतते.

सशाचे आतडे अखंड चालते राहावे लागते. त्यास ओकारी होत नाही. म्हणून कुत्र्यामांजरांप्रमाणे भूल देण्यापूर्वी त्यास उपाशी ठेवण्याचे कारण नाही, आणि नंतर तर मुळीच नाही. वेदनेने व भीतीने आतड्याची गती मंदावते, खाणे थांबले की ती आणखी मंदावते, पोटात वायू धरतो आणि एकदोन दिवसांत खेळ आटोपतो. तेव्हा घरी येताच वाळलेले गवत पुढ्यात टाकावे, पसरट भांड्यात पाणी ठेवावे, कोथिंबिरीच्या दोन काड्या नाकाशी धराव्या. रात्रीतून चार लेंड्या पडल्या म्हणजे निम्मी काळजी मिटली. बारा तासांत तोंडास काहीच लावले नाही, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यास विचारावे. पिचकारीने पातळ खाणे कसे भरवावयाचे, हे आणतानाच त्यांच्याकडून शिकून घ्यावे.

ससा आपले दुखणे लपवितो. ज्याची नेहमी शिकार व्हावयाची, त्या प्राण्यास ते लपविणेच भाग असते. म्हणून तो पाठ वर काढून, डोळे अर्धवट मिटून कोपऱ्यात दात करकरवीत बसला, तर ‘बिचारा शांत झाला’ असे समजू नये. ती वेदनेची खूण होय. वेदनाशामक औषध सांगितलेले सर्व दिवस द्यावे. घरातील औषधांच्या डब्यास मात्र हात लावू नये. माणसांस सर्रास दिले जाणारे अ‍ॅमॉक्सिसिलिन सशाच्या पोटात गेल्यास प्राणघातक ठरू शकते.

आमच्या मुळशी भागात आणखी एक अडचण. पावसाळ्यात इकडे अंथरुणपांघरुणे दमट होतात, तेथे सशाच्या गवताची काय कथा! बुरसटलेले गवत त्यास देऊ नये. जखमेवर माशी बसली तर अळ्या पडतात. म्हणून दिवसातून दोनदा टाके पाहावे, आणि लाकडाच्या भुशाऐवजी जुने, स्वच्छ, कोरडे धोतर अंथरून रोज बदलावे. शिवाय सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा मुख्य व्यवहार गाईम्हशींचा. सशांची नित्य शस्त्रक्रिया करणारा वैद्य बहुधा पुण्यासच शोधावा लागतो. धो धो पावसात पौडच्या रस्त्याने रात्री धावण्यापेक्षा ही शस्त्रक्रिया उघडिपीच्या दिवसांत करवावी हे बरे.

मोठ्या कुटुंबात दहा माणसे प्रेम करणारी असतात, आणि ‘दुसऱ्याने पाहिले असेल’ या समजुतीने कोणीच पाहत नाही. ही जबाबदारी एकाच व्यक्तीकडे असावी. घरातील एखाद्या चौकस मुलीने खाणे, लेंड्या व औषध यांची नोंद पाटीवर ठेवली, तर वैद्यांस त्याचा फार उपयोग होतो.

मादीची शस्त्रक्रिया पोट उघडून होते, म्हणून तिला विश्रांती अधिक दिवस लागते. तरी ती टाळू नये. उतारवयात सशिणींस गर्भाशयाचा कर्करोग पुष्कळदा होतो. नर लवकर हिंडूफिरू लागतो, आणि तेथेच घोटाळा होतो. चौथ्या दिवशी मुलांस दया येते, ‘एकटा कंटाळला’ म्हणून ती त्यास सशिणीच्या पिंजऱ्यात सोडतात. शस्त्रक्रियेनंतरही चार ते सहा आठवडे नराची प्रजननशक्ती टिकू शकते, आणि सशिणीचे दिवस अवघ्या महिन्यात भरतात. त्या दोघांच्या भेटीची तारीख सहा आठवड्यांपुढची धरून, भिंतीवरील दिनदर्शिकेत आजच लाल शाईने लिहून ठेवावी.