प्लेगचे आकडे आणि आपली मुले

निवासी शाळेत कांजिण्यांची साथ आली की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : आता सगळीच मुले आजारी पडणार का? अनुभव असा, की काही मुले सुटतात आणि साथ ओसरते. ती का ओसरते, याचे गणित ज्या आकड्यांवर ताडून पाहिले गेले, ते आकडे आपल्या मुंबईचे आहेत.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी तेथे तयार केलेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना, सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. हा इतिहास आपण दरवर्षी स्मरतो. त्यानंतरही साथ येत राहिली आणि आठवड्यागणिक मृत्यूंची नोंद होत राहिली. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मुंबईच्या नोंदी कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ च्या आपल्या शोधनिबंधात वापरल्या. मॅकेन्ड्रिक हे भारतात सेवा केलेले डॉक्टर. कर्मॅक यांची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात गेली होती.

त्यांनी समाजाचे तीन गट मानले : लागण होऊ शकणारे, आजारी, आणि बरे झालेले वा मृत्यू पावलेले. पहिल्या गटाची संख्या एका मर्यादेखाली गेली की साथ ओसरू लागते. एका रुग्णापासून चौघांना लागण होत असेल आणि त्यांपैकी तिघे सुरक्षित असतील, तर रोग एकाकडून एकाकडेच जातो, फैलावत नाही. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, ही गुंतागुंत त्या सोप्या मांडणीत मावत नाही. तरीही मर्यादेचा हा विचार लसीकरणाच्या नियोजनात आजही उपयोगी पडतो.

माणसाला सुरक्षित करणारी ही प्रतिकारशक्ती फार जुनी आहे. सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी, जबडा असलेल्या प्राचीन माशांत, तिची एक विलक्षण पद्धत उत्क्रांत झाली. शरीर असंख्य प्रकारच्या पेशी घडवते. त्यांतील कोणती उपयोगी पडेल, हे आधी ठरलेले नसते. जी रोगजंतूला ओळखते, ती वाढते आणि तिची स्मृती मागे राहते. स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या बहुतेक टी-पेशी छातीतील थायमस ग्रंथीत आधीच बाद होतात. १९९४ मध्ये स्टेफनी फॉरेस्ट, अ‍ॅलन पेरेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच युक्ती संगणकात आणली : यादृच्छिक नमुने घडवायचे, संगणकाच्या स्वतःच्या मजकुराशी जुळणारे टाकून द्यायचे आणि उरलेल्यांना पहाऱ्यावर ठेवायचे.

कोणाची योग्यता जन्माने ठरत नाही, हे सांगण्यासाठी मला पेशींची साक्ष नको; उपमा म्हणजे पुरावा नव्हे. माझे म्हणणे निराळे आहे. ‘गणित आपले नव्हे’ असे म्हणून दहावीनंतर ते सोडणारी मुले मी दरवर्षी पाहतो. मी त्यांच्यातलाच. इतिहास आवडीने घेतला हे खरे. त्याआधी गणित भीतीने सोडले, हेही तितकेच खरे. पन्नाशी उलटल्यावर ही मांडणी दिवसागणिक कागदावर उतरवून पाहिली, तेव्हा गुणाकार, बेरीज आणि वजाबाकी एवढ्यावर भागले. इतकी वर्षे मी कशाला भ्यालो होतो?

मुंबईच्या त्या आकड्यांत दाटीवाटीच्या वस्त्यांतील कष्टकऱ्यांचे मृत्यू आहेत. शोधनिबंधात त्यांची नावे नाहीत. आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मोजली गेली. आता आपल्या मुलांनी मोजणारे व्हावे.

म्हणून एक सूचना. सायखेड्याच्या या शाळेत इतिहास, विज्ञान आणि गणित या तिन्ही विषयांच्या शिक्षकांनी वर्षातून एकदा मुंबईच्या प्लेगचा पाठ एकत्र घ्यावा. मुलांनी स्वतःच्या हाताने आलेख काढावा. रुग्णालयांत, प्रयोगशाळांत आणि संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी त्या दिवशी यावे, मुलांच्या शेजारी बसावे. एका मुलाची जरी भीती गेली, तरी शेजारच्या बाकावर तिचा फैलाव थांबेल.